बाटला कोणाचा आणि अनामत कोणाची

लालबागच्या आमच्या चाळीचा पुनर्विकास अखेर मार्गी लागला आणि गणपती झाले की खोल्या रिकाम्या करून द्यायच्या, असे यंदा ठरले. आमच्या डोंगरभटक्या मंडळाचे सामान गेली कित्येक वर्षे माझ्याच घरी असते, कारण मंडळाचा हिशेब मी ठेवते आणि ज्याच्याकडे वही त्याच्याकडे पातेली, असा आमच्यातला जुना संकेत आहे. दोर, तंबू, ताडपत्री आणि भांडी चार दिवसांत सभासदांच्या घरी वाटली गेली. मागे राहिले ते गॅसचे सामान: मंडळाने २०१४ साली घेतलेला ५ किलोचा बाटला, त्याची छोटी शेगडी, आणि कापडी पिशवीत साठलेले ११ रिकामे कॅनिस्टर, म्हणजे भटकंतीच्या शेगडीचे छोटे गॅसचे डबे. त्यातच समोरच्या खोलीतल्या काकू एक दिवस म्हणाल्या, "तू तुमचा बाटला परत द्यायला जाणारच आहेस, तर आमच्या अण्णांच्या नावावरचाही देऊन येशील का?" अण्णा म्हणजे आमच्या मंडळाचे म्होरके. त्यांना जाऊन दीड वर्ष झाले आहे आणि काकू आता ठाण्याला मुलीकडे राहायला जात आहेत. तिथे स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आहे.

बाटला परत दिला की डिपॉझिट परत मिळते, एवढेच ज्ञान घेऊन मी या कामाला लागले. महिनाभराच्या फेऱ्यांनंतर लक्षात आले की अण्णांचा बाटला, मंडळाचा बाटला आणि कॅनिस्टर या तीन वस्तूंपैकी फक्त एकीवर डिपॉझिट होते. दुसरी आम्ही चक्क विकत घेतलेली होती आणि तिसरी वापरून टाकण्यासाठीच तयार झालेली होती. हा फरक बाटला घरात आणण्याच्या दिवशी कळला असता, तर मंडळाचे थोडे पैसे आणि माझ्या पुष्कळ फेऱ्या वाचल्या असत्या. डोंगरावर किंवा भाड्याच्या खोलीत छोटा बाटला वापरणाऱ्यांची संख्या मुंबईत कमी नाही, म्हणून मला जे उमगले ते सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी अण्णांचा बाटला घेते, कारण खरी अनामत त्यावरच होती. घरगुती गॅस जोडणी घेताना आपण जी रक्कम भरतो ती बाटल्याची किंमत नसते. बाटला आणि रेग्युलेटर या दोन्ही वस्तू शेवटपर्यंत तेल कंपनीच्या मालकीच्या राहतात, आपल्याकडे त्या वापरापुरत्या असतात आणि त्यांच्या सुखरूप परतीची हमी म्हणून आपण पैसे ठेवलेले असतात. ही हमी ज्या कागदावर नोंदलेली असते त्याला सबस्क्रिप्शन व्हाउचर म्हणतात. एजन्सीत सगळे त्याला नुसते 'एस व्ही' म्हणतात आणि घरोघरी लोक त्याला 'गॅसचा कागद' म्हणून ओळखतात. गॅसचे निळे किंवा लाल पुस्तक जपून ठेवणारे अनेक जण हा कागद मात्र हरवून बसतात. प्रत्यक्षात पैशांचा सारा आधार त्या कागदावर आहे, कारण किती बाटले दिले, रेग्युलेटर दिला की नाही आणि प्रत्येकापोटी किती रक्कम घेतली, हे त्यावरच लिहिलेले असते.

अण्णा निवृत्त झाल्यावर घरात दोनच माणसे राहिली. १४.२ किलोचा मोठा बाटला जिन्यावरून वर चढवणे त्यांना जमेना, म्हणून २०१९ साली त्यांनी ५ किलोची घरगुती जोडणी घेतली होती. त्यांच्या व्हाउचरवर बाटल्याचे ८०० रुपये आणि रेग्युलेटरचे १५० रुपये अशी नोंद होती. १६ जून २०२२ पासून हे दर वाढले आणि नव्या जोडणीसाठी ५ किलोच्या बाटल्याला १,१५०, १४.२ किलोच्या बाटल्याला १,४५०ऐवजी २,२०० आणि रेग्युलेटरला २५० रुपये आकारले जाऊ लागले. काकूंना ही वाढ ठाऊक होती आणि आपल्याला आता वाढीव दराने पैसे मिळतील, असे त्या धरून चालल्या होत्या. तसे होत नाही. ज्या रकमेची नोंद व्हाउचरवर आहे तीच परत मिळते, तीवर व्याज मिळत नाही आणि दर कितीही चढला तरी जुन्या ग्राहकाला त्याचा लाभ नसतो. उलट जुना बाटला परत करून दुसऱ्या गावी नवी जोडणी घ्यायची असेल, तर तिथे चालू दराने पैसे भरावे लागतात. म्हणजे १,४५० रुपये परत घेऊन २,२०० रुपये भरायचे झाले, की ७५० रुपयांची तूट आपल्या खिशातून जाते.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण घर बदलताना मुंबईतली अनेक कुटुंबे नेमकी इथेच चुकतात. शहरातल्या शहरात जागा बदलत असाल आणि कंपनी तीच ठेवणार असाल, तर बाटला परत करण्याची गरज नसते. जुन्या एजन्सीकडून ग्राहक हस्तांतराची नोंद करून घेतली की बाटला आणि रेग्युलेटर घेऊन तुम्ही नव्या पत्त्यावर जाता, नवी एजन्सी तुम्हाला आपल्या यादीत घेते आणि तुमची जुनी अनामत जुन्याच दराने पुढे चालू राहते. बाटला परत करून अनामत उचलण्याचा मार्ग दूरच्या गावी जाणाऱ्यांसाठी, किंवा जोडणी कायमची बंद करणाऱ्यांसाठी आहे. परळहून दहिसरला जाताना अनामत उचलून पुन्हा नव्या दराने भरणारे दोन शेजारी माझ्या माहितीत आहेत आणि त्या दोघांनाही काउंटरवर कोणी हे सांगितले नव्हते.

जोडणी बंद करताना एजन्सी जो कागद देते त्याला टर्मिनेशन व्हाउचर म्हणतात. बाटला, रेग्युलेटर आणि मूळ एस व्ही हे तिन्ही समोर ठेवल्यावर तो निघतो. आमच्या बाबतीत ग्राहकच हयात नसल्यामुळे त्यात आणखी कागदांची भर पडली. अण्णांचा मृत्यूचा दाखला, काकूंचा अर्ज, त्यांचे ओळखपत्र, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि दोन्ही मुलांचे ना हरकत पत्र मागण्यात आले. मुलगा पुण्याला असतो, त्यामुळे त्याची सही येईपर्यंत आठवडा गेला. काकूंनी एस व्ही मात्र अगदी जपून ठेवला होता. तो हरवला असता तर तसे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागले असते. काम त्यानेही झाले असते, पण आणखी एक फेरी आणि स्टॅम्पपेपरचा खर्च वाढला असता.

रेग्युलेटरच्या बाबतीत थोडा गोंधळ झाला. काकूंनी मधल्या काळात बाजारातून विकत आणलेला रेग्युलेटर शेगडीला लावला होता आणि कंपनीचा मूळ रेग्युलेटर कुठे आहे ते त्यांना आठवेना. एजन्सी फक्त कंपनीचाच रेग्युलेटर परत घेते आणि तो नसेल तर त्याची भरपाई ग्राहकाकडून वसूल होते. दोन दिवसांच्या शोधानंतर तो अण्णांच्या ट्रेकच्या खोक्यात, मेणबत्त्या आणि काडेपेट्यांच्या खाली सापडला. रबरी नळी, पुस्तक आणि जोडणीच्या वेळी घेतलेले इतर आकार यांतले काहीही परत मिळत नाही. बाटल्यात उरलेल्या गॅसचेही पैसे आम्हाला मिळाले नाहीत, त्यामुळे परत देण्याचे ठरले की नवा नंबर लावू नये आणि असलेला गॅस संपवूनच बाटला न्यावा.

आता मंडळाच्या बाटल्याकडे येते. आमचे मंडळ लहान आहे, दहा-बारा माणसांचे. हरिश्चंद्रगड, रतनगड, राजमाची, पेठचा किल्ला या आमच्या नेहमीच्या वाटा. सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही इतरांसारख्या काटक्या गोळा करून चूल पेटवत असू. पण हरिश्चंद्रगड आणि रतनगड हे दोन्ही अभयारण्याच्या हद्दीत आहेत, आणि वाळलेल्या गवताच्या दिवसांत तिथे आग पेटवणे किती घातक आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर अण्णांनी चूल कायमची बंद केली. त्यानंतर मोठ्या जेवणाला ५ किलोचा बाटला आणि दोघा-तिघांच्या भटकंतीला कॅनिस्टर, अशी सोय झाली. बाटला गडावर वाहून नेण्याचा आमचा शिरस्ता नव्हता. तो पायथ्याच्या गावातल्या मुक्कामापर्यंतच जाई आणि गडावर फक्त कॅनिस्टर जात.

हा बाटला घरगुती जोडणीचा नव्हता. पत्त्याचा पुरावा नसलेल्या स्थलांतरित कामगारांना आणि विद्यार्थ्यांना रीतसर गॅस मिळावा म्हणून ऑक्टोबर २०१३ मध्ये तेल कंपन्यांनी ५ किलोचे बाटले निवडक पेट्रोल पंपांवर खुल्या विक्रीला ठेवले. पुढे ते एजन्सींमध्ये आणि दुकानांमध्येही मिळू लागले. आज इंडेनचा 'छोटू' म्हणून जो बाटला दिसतो तो याच प्रकारातला आहे. ओळखपत्र दाखवायचे, बाटल्याचे आणि गॅसचे पैसे द्यायचे आणि निघायचे. रिकामा झाला की तो देऊन भरलेला घ्यायचा. घरगुती गॅसपेक्षा दर अधिक, पण सहलीला वापरण्यात कसला अपराध नाही. घरगुती बाटला घरच्या स्वयंपाकासाठीच असतो, म्हणून अण्णांनी स्वतःच्या घरचा बाटला मंडळासाठी एकदाही बाहेर काढू दिला नाही आणि ते मला आजही योग्य वाटते.

माझी चूक अशी झाली की त्या वेळच्या हिशेबाच्या वहीत मी या खर्चासमोर 'डिपॉझिट, परत मिळणार' असे लिहून ठेवले. ती रक्कम वर्षानुवर्षे मंडळाच्या जमेच्या बाजूला उभी राहिली. वास्तविक ती बाटल्याची किंमत होती, बाटला आमच्या मालकीचा झाला होता आणि परतीच्या वेळी जे मिळते ते अनामत म्हणून नव्हे, तर कंपनीने ठरवलेल्या परत-खरेदीच्या दराने मिळते. आम्ही घेतला तेव्हाची अट अशी होती की पाच वर्षांच्या आत दिला तर बाटल्याच्या किमतीच्या निम्मे पैसे आणि त्यानंतर सरसकट १०० रुपये. आमची पाच वर्षे केव्हाच उलटून गेली होती. करोनाच्या दोन वर्षांत मंडळ घरीच बसले होते, पण पाच वर्षांची मुदत त्याआधीच संपली होती आणि त्या दिवशी कोणाच्या मनातही हा विषय नव्हता.

शंभर रुपयांसाठी इतका खटाटोप कशाला, असे मंडळातल्या दोघांनी विचारले. भंगारवाला त्याहून अधिक देईल, हेही त्यांचे म्हणणे होते. मला ते मुळीच पटले नाही. भंगारात गेलेला बाटला कापला जातो आणि रिकाम्या दिसणाऱ्या बाटल्यात वाफेच्या रूपाने गॅस शिल्लक असतोच; गॅस-कटरची ज्योत त्याला लागली तर काय होईल याची कल्पना करवत नाही. शिवाय असे बाटले बेकायदा भरणाऱ्यांच्या हाती पडतात आणि मग कोणाच्या तरी खोलीत तपासणी न झालेला बाटला पेटत्या शेगडीशेजारी उभा राहतो. तो रीतसर कंपनीकडे गेला तर त्याची तपासणी होते आणि चालण्याजोगा नसेल तर तिथेच तो बाद होतो. मंडळाला १०० रुपये मिळोत वा शून्य, बाटला जायचा तर कंपनीकडेच जायचा, हा माझा आग्रह होता.

बाटल्याच्या गळ्याभोवती जी कडी असते तिच्या खालच्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूस इंग्रजी अक्षर आणि दोन अंक रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे अंक वर्षाचे. त्या तिमाहीपर्यंत बाटल्याची पुढची तपासणी व्हायला हवी, असा त्याचा अर्थ आहे. आमच्याकडच्या शेवटच्या बाटल्यावरची तारीख उलटून गेली होती, कारण तो अदलून आणल्यावर आमच्या फारशा सहलीच झाल्या नाहीत. भरलेला बाटला घेताना ही तारीख पाहावी आणि उलटलेली असेल तर तो स्वीकारू नये. त्याच पट्ट्यांवर रिकाम्या बाटल्याचे वजनही कोरलेले असते. प्रत्येक सहलीआधी मी वाण्याच्या काट्यावर बाटला ठेवून त्यातून ते वजन वजा करत असे, आणि उरलेला गॅस दहा माणसांच्या दोन जेवणांना पुरेल की नाही ते आधीच कळत असे.

बाटला ज्या एजन्सीतून घेतला ती मुलुंडला. लालबागहून मुलुंडला लोकलने जाणे अर्ध्या-पाऊण तासाचे काम, पण गॅसचा बाटला लोकलमध्ये नेता येत नाही, रिकामाही नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू गाडीत नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पहाटेच्या कसारा लोकलमध्ये गोणपाटात गुंडाळलेले बाटले घेऊन चढणारे गट मी पाहिलेले आहेत आणि भरगच्च डब्यात एका सैल झडपेने काय होऊ शकेल, या विचाराने प्रत्येक वेळी माझा जीव घाबरलेला आहे. आम्ही बाटला नेहमी भाड्याच्या जीपनेच नेला. परतीसाठी मुलुंडपर्यंत टॅक्सी करायची तर शंभर रुपयांच्या कितीतरी पट भाडे झाले असते. या बाटल्याची अदलाबदल त्याच कंपनीच्या कोणत्याही विक्रीकेंद्रावर करता येते हे मला माहीत होते, म्हणून मी घराजवळच्या एका एजन्सीत विचारायला गेले.

तिथल्या माणसाने पहिल्या दिवशी सांगितले, "घेतला तिथेच द्या." दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस म्हणाला, "तारीख गेलेली आहे, हवा तर ठेवून जा, पैसे मिळणार नाहीत." तिसऱ्या खेपेला मी २०१४ ची पावती आणि तिच्यामागच्या छापील अटी सोबत नेल्या, व्यवस्थापकांपुढे ठेवल्या आणि तपासणीची तारीख ही ग्राहकाची जबाबदारी कशी ठरते ते लेखी द्यावे, अशी विनंती केली. त्यांनी अटी वाचल्या, वरच्या कार्यालयात फोन लावला आणि १०० रुपये व पोच दिली. माणूस वाईट नव्हता. अशी परती त्याच्या काउंटरवर क्वचितच येत असावी. तरीही मला वाटते की दर आणि परतीच्या अटी एका फलकावर मराठीत ठळक लिहून लावणे प्रत्येक एजन्सीला सहज शक्य आहे, आणि जो माणूस बिहारहून किंवा विदर्भातून येऊन इथे खोली भाड्याने घेतो आणि वर्षाने परत जातो, त्याला तर त्या परतीच्या पैशांची खरी गरज असते. पाच वर्षांच्या आत परत जाणारा तोच असतो, आणि बाटला खोलीमालकाला तसाच देऊन जाणाराही बहुधा तोच.

माझा भाचा इंग्लंडमध्ये राहतो. त्याने तंबूच्या सहलींसाठी कॅलर कंपनीचा ४.५ किलोचा ब्यूटेनचा निळा बाटला घेतला आहे. तिथेही बाटला कंपनीचाच राहतो, ग्राहक एका करारावर सही करतो आणि बाटला परत करताना कराराची प्रत दाखवून पैसे मिळतात. मात्र जितकी अधिक वर्षे लोटतील तितकी परतीची रक्कम घटत जाते. फोनवर त्याचे ऐकताना मला आमच्या दोन्ही बाटल्यांची आठवण झाली, कारण त्याच्याकडच्या एकाच बाटल्यात अण्णांच्या बाटल्याची मालकी आणि मंडळाच्या बाटल्याचा घटता दर असे दोन्ही एकत्र होते. त्याला मी एवढेच सांगितले की कराराचा फोटो काढून ठेव.

कॅनिस्टरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २३० ग्रॅमचे, वर आटे असलेले, शेगडी थेट फिरवून बसवता येणारे हे डबे एकदाच वापरायचे असतात. त्यांवर अनामत नसते आणि दुकानदार ते परत घेत नाही. मी दोन दुकानांत विचारून पाहिले. ते पुन्हा भरण्याचे साहित्य बाजारात मिळते, पण पातळ पत्र्याचा तो डबा पुन्हापुन्हा भरण्यासाठी बनलेला नाही, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. मोकळ्या गच्चीवर, आसपास आग नसताना, शेगडीची चावी उघडून प्रत्येक डबा पूर्ण रिकामा केला, लाकडी ठोकळ्यावर ठेवून पितळी खिळ्याने भोक पाडले आणि मगच ते पत्र्याच्या भंगारात दिले. भोक न पाडलेला डबा कचऱ्यात टाकू नये, कारण तो पुढे कुठल्या दाबयंत्राखाली किंवा कुठल्या शेकोटीत जाईल हे आपल्या हाती नसते.

बाटला परत नेईपर्यंतचे दिवसही सांभाळायचे असतात. रिकामा म्हणून तो आडवा टाकून देऊ नये. झडप बंद करून, दोऱ्याला बांधलेली टोपी घट्ट बसवून तो उभा ठेवावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो आणि खिडकी वर असेल तर बाहेर जात नाही, म्हणून आमचा बाटला इतकी वर्षे माळ्यावर नव्हता, गॅलरीतल्या मोकळ्या कोपऱ्यात होता. गॅसला मुळात वास नसतो, तो ओळखू यावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

काकूंच्या खात्यात ९५० रुपये जमा झाल्याचा संदेश गेल्या मंगळवारी आला. पैशांपेक्षा त्यांना एस व्हीची चिंता अधिक होती, कारण त्यावर अण्णांची सही होती आणि एजन्सीने मूळ कागद ठेवून घेतला होता. देण्यापूर्वी मी त्याच्या दोन रंगीत प्रती काढल्या होत्या. एक प्रत त्यांनी टर्मिनेशन व्हाउचरला टाचून ट्रंकेत ठेवली आहे. पुढे कधी पुन्हा जोडणी घ्यावी लागली तर जुनी बंद झाल्याचा तो पुरावा होईल. दुसरी माझ्याकडे मंडळाच्या वहीत आहे, आणि तिच्या समोरच्या पानावर २०१४ ची ती जमेची नोंद खोडून मी 'बाटला खरेदी, परतीचे १०० रुपये मिळाले' असे लिहिले आहे.